घरास रंग देणेबाबत

गेवराई
२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती वनिता निकाळजे यांस,
सप्रेम जय भीम.

'सप्रेम' सवयीने पडलं. खोडत नाही, कागद घाण होतो.

तुझ्या लेकीने, अंजलीने, काल माजलगावहून येऊन माझ्यावर फर्मान काढलं. लग्न ११ मेला. पवनकडची माणसं आदल्या दिवशी दिंद्रुडहून मुक्कामी येणार, हळद आपल्याच अंगणात लागणार, तोवर घर आतून-बाहेरून रंगवून झालं पाहिजे. इथपर्यंत मला मान्य. पुढे म्हणाली, घर दोघांच्या नावावर आहे, तर ठरवायचंही दोघांनी. फोनवर नाही, कारण तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मी दुसऱ्या वाक्याला ओरडतो. म्हणून जे काय ते लिहून. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला पोरगी निबंध लिहायला बसवते.

मी सगळं ठरवलेलं आहे. बाहेरून राखाडी, धूळ दिसत नाही. आतून सरसकट पांढरा, उजेड राहतो आणि कुणाच्या हौसेमौजेचा प्रश्न येत नाही. इथे गल्लीत हौसेचा नुसता उकिरडा झालाय. समोरच्या कंत्राटदाराने बंगल्याला जांभळा देऊन वर सोनेरी पट्टे ओढलेत, घराला बँडवाल्याचा सदरा घातल्यासारखा. आमच्या शाळेतले अर्जुनराव, त्यांनी हॉलच्या भिंतीला धबधब्याचा कागद चिकटवलाय. तिथे बसून चहा पिताना माणूस बुडेल की काय अशी भीती वाटते.

रंगाच्या बाबतीत तुझी समज किती आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून सल्ला मागत नाही. खाली 'मान्य' लिहून सही कर आणि कागद परत पाठव.

नवनाथ ओव्हाळ
निवृत्त मुख्याध्यापक


आष्टी
९ फेब्रुवारी

ओव्हाळ सर,
जय भीम.

मान्य नाही. सही खाली केली आहे, ती या पत्राची.

आधी एक गोष्ट. आपला घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. परक्या बाईला अरे-तुरे करत नसतात. मुख्याध्यापक होतात, एवढं पोरांना शिकवलं असेलच.

तुम्ही रंग ठरवलात. भिंती बघितल्यात का? मी त्या घरातून निघाले तेव्हा हॉलची पश्चिमेची भिंत गुडघ्याएवढी ओली होती. गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाचा सांधा गळतो, हे मी तुम्हाला तीन पावसाळे सांगत होते. तुम्ही पाइप बघितला नाहीत, ओलीसमोर कपाट सरकवलंत. पैज लावते, कपाट अजून तिथेच असेल.

इथे दवाखान्यात रोज असली माणसं येतात. पायाची जखम आतून सडलेली, वरून धुतलेलं पांढरं फडकं. विचारलं तर म्हणतात, सिस्टर, दिसायला तरी बरं दिसतंय ना. त्यांना मी काय बोलते ते इथल्या कुणालाही विचारा.

कपाट हलवा. सांधा बदला. भिंत पंधरा दिवस तरी वाळू द्या. मग जुना रंग पार खरवडून काढायचा, भेगा भरायच्या, लांबीचा लेप देऊन घासायचं, प्रायमर मारायचा, आणि बाहेरच्या भिंती पाण्यानं धुवायच्या. ते सगळं झालं की रंगाचं बोलू. राखाडी तर नाहीच. माझ्या मुलीची हळद पोलीस चौकीच्या दारात लागणार नाही.

पेंटर म्हणून शफीभाईंनाच बोलवा. बाकीचे तुमचं ऐकतात, ते भिंतीचं ऐकतात.

तुमचं अक्षर अजून सुंदर आहे. अक्षरापुरतं.

वनिता निकाळजे


गेवराई
१६ फेब्रुवारी

श्रीमती निकाळजे बाई,
जय भीम.

आपण, आपणांस, आपल्याला. पुरे का?

तुमचे शफीभाई येऊन गेले. साठीचा माणूस, पायजम्यावर गावातल्या प्रत्येक घराचा एकेक शिंतोडा. मी विचारलं, किती दिवस लागतील? तो भिंतीला बोटाचं पेर ठोकत, कान लावत घरभर फिरला. डॉक्टर झाला असता तर निम्मा तालुका त्याने असाच मारला असता. मग मला न विचारता कपाट ओढलं.

मागची भिंत काळी होती. त्याने नख लावलं आणि मूठभर गिलावा खाली आला. मी हे तुम्हाला कळवलं नसतं, पण अंजली तिथे उभी होती आणि ती कळवणारच.

शफी म्हणाला, "सर, रंग मागून बगू. आदी भिताडाचं दुखनं काडा. पानी वरून येतंय, पाइपाचा सांदा गेलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"भितीनंच सांगितलं की."

भिंतीने नाही, तुम्ही फोन करून पढवलंत हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. तुमचेच शब्द, त्याच क्रमाने. असो. सांधा बदलला आहे. शफीचे रोजे २ मार्चपासून आहेत, खरवडण्याचं धुळीचं काम त्यात आलं. म्हणे, रोजा असला तरी काम अडत नाही. बघू. असली माणसं कामापेक्षा कारणंच जास्त करतात, हा माझा अनुभव.

न. ओव्हाळ


आष्टी
२३ फेब्रुवारी

ओव्हाळ सर,

मी शफीभाईंना फोन केला नव्हता. माझ्याकडे त्यांचा नंबरही नाही, त्यांच्या बायकोचा, जैनबबीचा आहे. दोन माणसांचं म्हणणं एकच निघालं की तुम्हाला तो कट वाटतो. दोघांचंही खरं असेल, हे तुमच्या डोक्यात येतच नाही. शाळेत दोन पोरांचं उत्तर एक आलं की दोघांना उभं करायचात, बरोबर आलं असलं तरी.

रोज्यात त्यांना सकाळी लवकर बोलवा आणि दुपारी मोकळं करा. त्यांच्यासमोर चहा पीत बसू नका. हे सांगावं लागतंय याची लाज मला वाटते, तुम्हाला वाटणार नाही.

बाहेरून मोतिया द्यायचा, अंजलीनं ठरवलंय. खोल्यांचे रंगही तीच सांगेल. तिची हळद आहे, तुमचा शाळा तपासणीचा दिवस नाही. स्वयंपाकघराचं नंतर बोलू.

वनिता


गेवराई
६ मार्च

बाई,

'स्वयंपाकघराचं नंतर बोलू' असं तुम्ही का लिहिलंत, ते आज कळलं.

घर सध्या राहण्यालायक नाही. सामान मधोमध रचून वर चादरी टाकल्यात, माझी पुस्तकं कुठे आहेत ते मलाही माहीत नाही, भाकरीत धूळ लागते. आज सकाळी शफीने स्वयंपाकघर धरलं. ओट्यामागच्या भिंतीचा पांढरा थर सोलला आणि आतून निघाला तुमचा तो पिवळा! चौदा वर्षं होऊन गेली तरी जिवंत. मी आतल्या खोलीतून ओळखलं, कारण शफीचा घासायचा आवाज थांबला.

म्हणाला, "हा वरचा पांढरा माज्याच हातचा हाय, सर. पिवळा ताईचा. ताईचा हात लई साफ. ब्रशचा एक वण न्हाई."

आता पेंटर तुम्हाला गुण देणार आणि मी ते प्रगतिपुस्तकावर चढवणार, एवढंच राहिलं होतं.

पण खरं सांगतो, तो पिवळा बघून मला हसू आवरेना. आठवतं का, मी काय म्हणालो होतो? 'या, बघा, आमच्या स्वयंपाकघराला कावीळ झालीय, आणि घरात नर्स असून कळलं नाही!' अर्जुनराव तर ओटा धरून हसले होते. माझं ते वाक्य स्टाफरूममध्ये वर्षभर चाललं. एवढा नेमका विनोद मला पुन्हा कधी सुचला नाही.

स्वयंपाकघरास पांढरा. यावर चर्चा नको.

न. ओव्हाळ


आष्टी
११ मार्च

ओव्हाळ सर,

तुम्हाला वाक्य आठवतं. मला उरलेलं आठवतं. ते लिहिते, कारण मी ते तुम्हाला कधीच सांगितलेलं नाही. कोर्टातही नाही. तिथं सांगितलं असतं तर वकील म्हणाला असता, भिंतीच्या रंगावरून कुणी घर सोडतं का?

२०१० चा नोव्हेंबर. तुम्ही तीन दिवस बीडला प्रशिक्षणाला गेलतात. मी दोन दिवसांची रजा टाकली. त्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही उत्तरेला. सकाळी ड्युटीला जायच्या आधी दोन तास आणि आल्यावर तीन तास मी तिथं उभी असायची, आणि मला तिथं उजेड हवा होता. एवढंच. पांढऱ्याचा उजेड तुमच्या कपड्यांसारखा, इस्त्रीचा. मला उन्हाचा हवा होता.

अंजली बारा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर फेकून ब्रश घ्यायची. खालच्या दोन हातांची भिंत तिची, वरची माझी. भिंत आधी घासायची असते हे आम्ही दुकानदाराला विचारून शिकलो. दोघींचे तळवे सोलून निघाले. तिसऱ्या दिवशी दुपारी झालं. आम्ही दोघी खाली फरशीवर बसून मुरमुरे खाल्ले आणि भिंतीकडे बघत राहिलो. तुम्ही आल्यावर काय म्हणाल, असं ती सारखी विचारत होती. मी म्हणाले, बघू या.

तुम्ही आलात, बघितलंत, हसलात. एवढ्यावर थांबला असतात तर मी विसरले असते. पण तुम्ही गल्लीतून चार मास्तरांना बोलावून आणलंत. प्रत्येकाला दारात उभं करून तेच वाक्य म्हणालात. मला चहा करायला सांगितलंत, म्हणजे मी त्या भिंतीपुढं उभी राहून चहा करत होते आणि मागं तुम्ही पाच जण हसत होतात. चौथ्यांदा वाक्य म्हणालात तेव्हा अंजली माझ्या शेजारी होती. तिच्या बोटांना अजून पिवळा रंग होता. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. तिला वाटलं, हात दिसले तर तिलाही हसतील.

तिचे ते हात मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शफीभाईंना आणून पांढरा मारून घेतलात. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, खाली मान घालून काम केलं. त्यानंतर मी तुमच्याकडं सहा वर्षं राहिले. लोक विचारायचे, नवनाथ सर मारत नाहीत, पीत नाहीत, बाई कावून सोडून गेली? मी सांगायची, जमलं नाही.

तुमचा विनोद चांगला होता. नेमकाही होता. तुमच्याकडं दुसरं काही नव्हतं.

वनिता


गेवराई
२० मार्च

बाई,

पत्र मिळालं. एखाद्या गोष्टीचा एवढा बाऊ केला की त्यावर उत्तर देता येत नाही. चार माणसं हसली, माणसं हसतातच. मला तो रंग आवडला नव्हता आणि घर माझंही होतं.

कामाबद्दल. शफीला मी काढून टाकलं आहे. कारण तुम्हाला दुसरीकडून कळेलच, म्हणून माझ्याकडून ऐका. परवा अर्जुनराव घर बघायला आले. मी त्यांना स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ते वाक्य पुन्हा म्हणालो. तुमचं पत्र खिशात होतं. म्हटलं, बघू तरी, यात हसण्यासारखं आहे की नाही. अर्जुनराव हसले. शफी शिडीच्या घोडीवर उभा होता. तो वरूनच म्हणाला, "सर, पांढरा माराया आलतो त्या दिवशी तुमी हेच म्हनलात, तवा मी बी हसलतो. रोजी जाईल म्हनून हसलतो. आज न्हाई हसनार."

मी म्हणालो, तू भिंत घास, तोंड चालवू नकोस.

त्याने घासायचा पत्रा खाली ठेवला, नळावर हात धुतले, घोडी खांद्यावर घेतली आणि गेला. उन्हात, रोजा असताना, एवढी जड घोडी घेऊन. नाटकीपणा.

मी स्वतः रंगवणार आहे. दहावी नापास पोरं जे करतात ते मला जमणार नाही असं नाही.

न. ओव्हाळ


आष्टी
२५ मार्च

ओव्हाळ सर,

वाचलं. तुम्ही ते पुन्हा म्हणालात, यात मला नवल वाटलं नाही. शफीभाई तुमच्या तोंडावर बोलले याचं मात्र वाटलं, आणि माझा दिवस चांगला गेला.

घोडी नाही म्हणून टेबलावर स्टूल ठेवून चढू नका.

वनिता


गेवराई
२ एप्रिल

बाई,

काम जोरात आहे. छत होत आलं. एसटीत बसून लिहितो आहे, रस्ता खराब, म्हणून अक्षर असं. काळजीचं कारण नाही. जास्त लिहीत नाही.

न. ओ.


आष्टी
६ एप्रिल

ओव्हाळ सर,

एसटीत अक्षर हलतं, उलट्या बाजूला कलत नाही. हे डाव्या हातानं लिहिलंय. उजव्याला काय झालं? मनगट असणार. तुमच्या वयाचे लोक पडताना हात टेकतात आणि मनगट जातं, महिन्याला पाच येतात. टेबलावर स्टूल ठेवलंत ना?

प्लास्टर केलं असेल तर बोटं हलवत राहा. निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, अर्जुनरावांना नाही.

आता ऐका. अंजली काल इथं आली होती. तुम्ही तिला फोनवर सांगितलंत की सगळं उत्तम चाललंय. ती परवा न सांगता घरी डोकावून गेली, तुम्ही घरी नव्हतात तेव्हा. तिनं काय बघितलं ते सांगते. सोललेल्या भिंती, छताला तीन जागी तीन पांढरे, हॉलमध्ये प्रायमर न मारताच लावलेला रंग आणि त्याचे आत्ताच सुटलेले पोपडे. ती इथं येऊन चिडलीही नाही, रडलीही नाही. म्हणाली, मम्मी, आपण इथंच आष्टीला हॉल घेऊ, पप्पांना पाहुण्यासारखं बोलवू.

मी हो म्हणणार होते. तुमच्याविषयी माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण त्या घराच्या विटा माझ्याही पगारातून आल्यात आणि तिची हळद तिथंच लागायला पाहिजे. म्हणून तिला मी दोन आठवडे थांबायला सांगितलं.

शफीभाईंकडं जा. निरोप पाठवू नका, पायांनी जा. पाय शाबूत आहेत ना?

वनिता


गेवराई
१३ एप्रिल

बाई,

डाव्या हाताने लिहितो. थोडक्यात.

शफीकडे जाऊन आलो. वेळ कमी आहे, काम सुरू कर, असं सांगितलं. त्याने मान्य केलं. उद्या जयंतीची मिरवणूक, परवापासून येईल. प्रश्न मिटला.

स्वयंपाकघराला कोणता रंग? तेवढं कळवा.

न. ओ.


आष्टी
१८ एप्रिल

ओव्हाळ सर,

तुमचं पत्र यायच्या आधी जैनबबीचा फोन आला होता.

तिनं सांगितलं ते असं. तुम्ही दारात उभे राहिलात. शफीभाईंनी खाटेवर बसवलं. अर्धा तास तुम्ही उन्हाळा, पाणीटंचाई आणि माजलगावचं धरण यावर बोललात. चहा आला. डाव्या हातानं कप धरता येईना, सदऱ्यावर सांडला. मग शफीभाईंनी बशीत ओतून तुमच्या पुढं धरली. तुम्ही ती प्यालात आणि म्हणालात, "शफी, तो पांढरा मी चुकीचा मारायला लावला." ते म्हणाले, "सर, मारला तर मीच."  निघताना तुम्ही त्यांना सांगितलंत की हे वनिताला कळवू नको. त्यांनी नाहीच कळवलं. जैनबबीनं कळवलं, तिला तुम्ही काही सांगितलं नव्हतं.

आणि मला लिहिता, 'वेळ कमी आहे असं सांगितलं'. आयुष्यात एक बरी गोष्ट केलीत, तीही चोरासारखी.

म्हणून मी विरघळेन असं समजू नका. शफीभाईंना तुमचा शब्द मिळायला तीन आठवडे लागले. अंजलीला चौदा वर्षांत मिळाला नाही. माझं मी विचारतच नाही.

स्वयंपाकघराचं. तिथं आता स्वयंपाक तुम्ही करता. सकाळी त्या भिंतीपुढं तुम्ही उभे राहता. रंग तुम्हीच ठरवा. मी सांगणार नाही, अंजलीही नाही. तुम्ही जो द्याल त्याला कुणी काही म्हणणार नाही.

वनिता


गेवराई
१६ मे

वनिताबाई,
जय भीम.

परवा प्लास्टर निघालं. हात अजून बसलेला नाही, अक्षराला हसू नका. हसलात तरी चालेल.

लग्न झालं. तुम्ही सगळं बघितलंत, तरी लिहितो, कारण तुम्ही माझ्याशी न बोलता सात वाजताच्या गाडीने गेलात.

सगळं घर झालं. शफीने शेवटचे चार दिवस रात्रीचं जेवणही इथेच केलं. बाहेरचा मोतिया सकाळच्या उन्हात बरा दिसतो. बरा म्हणजे चांगला. फक्त स्वयंपाकघर राहिलं. लांबी झाली, प्रायमर झाला, पण रंग देता आला नाही. मी शफीकडून ओट्यामागे हातभर लांब पट्टे मारून घेतले. पिवळा तीन जातींचा, पांढरा, आकाशी, पिस्ता, अबोली. रोज सकाळी चहा ठेवताना बघायचो. एकेक दिवस एकेक बरा वाटायचा. पिवळा द्यावा तर वाटायचं, हे तुम्हाला दाखवायला करतोय. पांढरा द्यावा तर हात धजेना. मला कोणता रंग आवडतो ते मला माहीतच नाही, हे बासष्टाव्या वर्षी कळलं. दुसऱ्यांचे रंग बघून काय म्हणायचं एवढंच मी शिकलो होतो. शफी शेवटी म्हणाला, "सर, न्हाई कळत तर राहू द्या. कोऱ्या भितीनं लगीन अडत न्हाई."

हळदीच्या दिवशी पवनच्या आत्या, त्या छबुबाई, पाण्यासाठी आत आल्या. दारातच थांबून मोठ्याने म्हणाल्या, "अगं बया! ईवाईबुवा, रंग पुरला न्हाई का काय? का पोरास्नी पाटी दिलती रंगवायला?" मागून पंचवीस माणसं हसली. अर्जुनराव पोट धरून हसले. तुम्ही माठाजवळ हातात पेला घेऊन उभ्या होतात. अंजली हळदीच्या पाटावरून उठून आली होती.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. त्या बाईंच्या लुगड्याचा रंग बघून मला दोन वाक्यं सुचली होती, दोन्ही चांगली होती. पण म्हणालो ते एवढंच: "रंग पुरला, आत्याबाई. मला ठरवता आला नाही. मागे एकदा या दोघींनी ठरवला होता, तो मी पुसून टाकला."

कुणाला काही कळलं नाही. अंजलीला कळलं. रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, पप्पा, तुम्हाला ते आठवतं? मी म्हणालो, नव्हतं आठवत, तुझ्या मम्मीने लिहिलं. तुझे हात मी त्या वेळी बघितलेच नव्हते. तिने माझा हात धरला. माझ्या प्लास्टरवर तिच्या बोटांची हळद लागली, ती तशीच होती, परवा डॉक्टरने कापून टाकली.

एक विचारायचं आहे. सगळे हसले तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही हसला नाहीत. हसायला तुमच्याइतका हक्क कुणाला नव्हता. का हसला नाहीत?

परत या, असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही काय उत्तर द्याल ते मला माहीत आहे. घर मात्र आहे.

नवनाथ


आष्टी
२२ मे

ओव्हाळ सर,
जय भीम.

तुम्ही माझ्याकडं बघत होतात ते मला दिसलं. पेला हातात धरून मी जाणूनबुजून थांबले होते. छबुबाई बोलल्या तेव्हा माझ्याकडंही एक वाक्य तयार होतं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, थोडं मलाही येतं. ते मी म्हणाले असते तर तुमची मान पुन्हा वर झाली नसती. पवनचं सगळं दिंद्रुड तिथं होतं.

मी हसले नाही, यात दया नव्हती. माणसाला हसता येत असतं आणि तरी तो हसत नाही, हे कसं दिसतं ते तुम्ही एकदा समोरून बघावं, एवढंच होतं. तुम्ही बघितलंत. तुमचा चेहरा पडला होता, आणि मला बरं वाटलं. किती दिवस बरं वाटत राहील ते माहीत नाही.

तुम्ही पुढं जे बोललात, ते मी ऐकलं. इतक्या माणसांत बोललात हे ठीक. त्यासाठी तुम्हाला काही देणं लागत नाही मी. जे बोलायला बाकीच्या माणसांना दोन मिनिटं लागतात, त्याला तुम्हाला चौदा वर्षं आणि एक मनगट लागलं.

परत येण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, शहाणपणा केलात. माझं इथं बरं चाललंय. घर आहे ते मलाही ठाऊक आहे, सातबाऱ्यासारखं सांगू नका.

बोटं अजून सुजलेली असतील. कोमट पाण्यात दिवसातून दोनदा बुडवून हलवा. पीठ मळा, त्यानं मनगट लवकर सुटतं.

रविवारी अंजली आणि पवन तुमच्याकडं जेवायला येणार आहेत. तिनं मलाही बोलावलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं, त्या दिवशी माझी ड्युटी आहे, आणि नसती तरी आले नसते. पवन तिखट खात नाही. त्याला हसू नका.

वनिता निकाळजे